वाघ कडेनं जातो
(यंत्रग्रहांवरची रानं : भाग ९)

कादंबरीतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या वाळूकिड्याचं पुढचं आज सांगायचं कबूल केलं होतं. पाणी हे त्याला विष. मग अराकिस हिरवा झाला तर त्याचं काय, इथं आपण थांबलो होतो. पण मधेच खामल्याच्या एका वाचकांचं पोस्टकार्ड आलं. ‘हवापाणी यंत्रांच्या हाती, जनावरांच्या गळ्यात यंत्रं, हे कादंबरीत ठीक. खरा असा तुकडा कुठं बघायला मिळेल?’

मिळेल की! नागपूरच्या झिरो माइलपासून दीड-दोन तासांवर. वाळूकिडा राहू द्या आठवडाभर वाळूत.

मानसर सोडलं की राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे आपला जुना ७ नंबर, पेंचच्या रानातून खवाशाकडे जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा पेंच-कान्हा हा वाघांच्या येण्याजाण्याचा पट्टाच मधोमध कापला जाणार होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, काम रखडलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे १६ किलोमीटरांत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर चढवला आणि खालची वाट जनावरांना सोडली. काही पूल ५० मीटरचे, सगळ्यांत लांब ७५० मीटरचा.

त्यातल्या एकाखाली मी एका वनरक्षकाबरोबर उभा राहिलोय. मे महिना, बाहेर ऊन रणरणतंय, आत सिमेंटची गार सावली. वर सांध्यावरून ट्रक गेला की धाडधाड असे दोन ठोके पडत. वाळूत चितळांच्या खुरांची गर्दी, रानडुकरांनी केलेली उकराउकर. वाघाचा माग मात्र मध्ये कुठंच दिसेना. वनरक्षकानं काठीनं खांबाच्या बुडाकडे दाखवलं. ‘हा कडेकडेनंच जाते, साहेब. मधून जाईल तर वाघ कसला!’

भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०१९ साली मार्च ते डिसेंबर या पुलांखाली कॅमेरे लावून ठेवले होते. १८ जातींच्या रानजनावरांची ५,४५० छायाचित्रं मिळाली. सर्वाधिक चितळांची. वाघ ८९ वेळा दिसला आणि पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा ते ११ निराळे वाघ निघाले. वरून जाणाऱ्या गाडीतल्या पोरानं ‘वाघ कुठाय?’ म्हणून रडायचं आणि वाघानं त्याच घटकेला त्याच्या आसनाखालून निघून जायचं!

अराकिसचा ग्रहशास्त्रज्ञ काइन्स आठवा. त्यानं ग्रहाचा आराखडा आधी मांडला, माणसं आणि जनावरं त्यात नंतर बसवली. पेंचमध्ये पूल बांधून काम संपलं नाही; कोण येतं, कुठून जातं, कोण फिरकतच नाही, हे पाहत बसावं लागलं. पाणवठ्यांचंही तसंच. उन्हाळ्यात सौर पंपानं टाकं भरलं की तहान भागते खरी, पण रानभर पांगणारे कळप एका टाक्याभोवती गोळा होतात, चारा तिथलाच संपतो आणि बिबट्याला दबा धरायला जागा शोधावी लागत नाही. पंपाचं बटण आपल्या हाती आहे, पुढचं नाही.

आता पोस्टकार्डवाल्या वाचकांसाठी. पेंचच्या रानातल्या तोतलाडोहच्या धरणातून सुटलेलं पाणी नवेगाव खैरीला अडतं आणि तिथून नागपूरच्या नळांना येतं. म्हणजे त्या ग्रहाचं पाणी आपण रोज पितोच आहोत. पाहायला तेवढे गेलो नव्हतो.

वाळूकिडा पुढच्या आठवड्यात. आणखी पोस्टकार्ड आलं नाही तर.