म्हाताऱ्या मांजराची भूक

परळी वैजनाथसारख्या गावात मांजर सहसा कोणी मुद्दाम आणून पाळलेले नसते. ते कोठून तरी येते, धान्याच्या खोलीतले उंदीर मारते, दुधाच्या वाटीपुरते घरचे होते आणि बघता बघता दहा-बारा वर्षे निघून जातात. असे मांजर उतारवयात एकाएकी सारखे खायला मागू लागले, रात्री ओरडून घर डोक्यावर घेऊ लागले, तर आपण कौतुकाने म्हणतो, "म्हातारपणी पालवी फुटली!" आम्हीही तसेच म्हणालो होतो. दूध-भाकरी दुप्पट संपत होती आणि मांजर मात्र पाठीचे मणके मोजता येतील इतके वाळले होते. ज्याला आम्ही पालवी म्हणत होतो तो आजार होता, हे उशिरा कळले. इतरांना ते वेळेवर कळावे, एवढ्यासाठी हा विषय मांडीत आहोत.

माणसाप्रमाणे मांजराच्याही गळ्यात, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस, अवटु ग्रंथी असते. थायरॉईड हे तिचे नाव आता घरोघरी रुळले आहे. तिच्यातून थायरॉक्सिन नावाचा स्राव रक्तात जातो. १९१४ साली केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. चुलीतले लाकूड पुढे सारले की जाळ वाढतो, मागे ओढले की उतरतो. शरीरातला जाळ राखण्याचे तेच काम हा स्राव करतो. तो बेसुमार होऊ लागला म्हणजे खाल्लेले अन्न पुरत नाही, आणि शरीर स्वतःचेच मांस जाळू लागते.

मांजरांतील या विकाराचे पहिले नीट वर्णन १९७९ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी केले. तो बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरांस होतो. ग्रंथीत गाठ वाढते, पण ती कर्करोगाची असणे विरळा. खूप खाऊनही रोडावणे, फार पाणी पिणे, ओकाऱ्या, अस्वस्थपणा, विस्कटलेले केस आणि छातीची जलद धडधड, ही त्याची लक्षणे होत. अशा मांजरास उकाडा सोसत नाही. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्रत्येकच मांजर गार फरशी शोधते, म्हणून ही खूण येथे फसवी ठरते.

खरी खूण वजनाची. चार किलोचे मांजर अर्ध्या किलोने उतरले, तर आपल्याला वाटते, अर्धा किलो ते काय! परंतु साठ किलोच्या माणसाने साडेसात किलो गमावण्यासारखेच ते आहे. मांजरास पिशवीत घालून तराजूवर महिन्यातून एकदा तोलावे आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असे आपण विचारतो. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत हा आकडा हीच घंटा होय.

मात्र लक्षणांवरून घरीच निदान करू नये. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार यांतही मांजर वाळते व पाणी फार पिते. रक्तातील थायरॉक्सिन मोजले म्हणजे बहुधा उलगडा होतो. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी, कारण रक्तदाब फार चढल्यास मांजर अचानक आंधळे होऊ शकते. परभणी व उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि परळीहून दोन्हीकडे रेल्वे जाते.

उपचारांत शस्त्रक्रिया आहे, किरणोत्सारी आयोडीनही आहे. पण दुसऱ्यासाठी खास व्यवस्था लागते. घरी करण्याजोगा उपाय म्हणजे मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल यांची गोळी. तिने स्राव आटोक्यात येतो, गाठ मात्र जात नाही. म्हणून मांजर सुधारले असे पाहून गोळी बंद केली की आजार परततो. गोळी फोडू अगर कुटू नये. देताना हातमोजे घालावेत. गरोदर स्त्रीने ती गोळी हाताळू नये, आणि मांजराची घाणही काढू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. वाढलेल्या स्रावामुळे मूत्रपिंडाचा दोष कधी कधी झाकलेला असतो, आणि तो उपचारानंतर उघडा पडतो. मांजर अन्न सोडू लागले, ओकू लागले किंवा तोंड ओरबाडू लागले, तर डॉक्टरांस त्याच दिवशी कळवावे.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. घरात कोणाची तरी थायरॉईडची गोळी असतेच. ती बहुधा स्राव कमी पडतो म्हणून दिलेली असते. नाव एकच म्हणून ती मांजरास घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

बाकी शुश्रूषा साधी आहे. थोडे थोडे अन्न अनेक वेळा द्यावे, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी भरून ठेवावीत आणि निजण्यास सावलीची जागा द्यावी. अवघड आहे ती नियमितता. कारण सकाळ-संध्याकाळची गोळी एका दिवसाच्या उत्साहावर चालत नाही. घरातील एकाने ती जबाबदारी आपली म्हणून पत्करावी. ज्या जिवाने दहा-बारा वर्षे आपले धान्य राखले, त्याच्यासाठी दिवसातून दोनदा आठवण ठेवणे फार झाले असे आम्हांस वाटत नाही.