ग्वाल्हेरचे आंबे क्यूच्या कपाटात

आंब्याचं फळ वनस्पतिशास्त्रज्ञाला दाद देत नाही. पानं आणि मोहोर कागदात दाबून वाळवता येतात, पण त्यावरून लंगडा कोणता नि दशहरी कोणता हे जुना माळीही छातीठोक सांगणार नाही. फरक फळात, आणि फळ आठवडाभरात नासतं. शिवाय उत्तरेकडच्या बहुतेक आंब्यांची कोय पेरली तर आईसारखं झाड येतच नाही. जात टिकते ती कलमानं. तेव्हा ओळख जपायची तर चित्रच काढायला हवं.

शिंदे सरकारच्या ग्वाल्हेरमधल्या बागांचे अधीक्षक चार्ल्स मॅरीज यांनी हे काम अंगावर घेतलं. जन्म १८५१चा, इंग्लंडातला. १८७७ ते १८७९ या काळात वीच रोपवाटिकेसाठी त्यांनी चीन-जपान पालथा घातला. १८८२मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांच्या शिफारशीवरून ते दरभंग्याच्या महाराजांकडे आले, पुढे ग्वाल्हेरला. १९०२मध्ये वारले तेही तिथंच. लागवडीच्या भारतीय आंब्यांवरचं त्यांचं सचित्र हस्तलिखित लंडनच्या क्यू उद्यानात आहे.

आंब्याच्या चित्रात लोक रंग बघतात, फार तर चोच. मी आधी देठ बघतो. तो खळग्यात बसलाय की वर, यावरून जात ओळखायला मदत होते. आणि आंब्याचं विषही तिथंच. तोडताना उडालेला चीक गालावर उततो, कारण आंबा बिब्ब्याच्याच कुळातला, काजूही त्यातलाच. बिब्बा मात्र शुद्ध केल्याशिवाय वैद्य हातात देत नाही, आंबा पाण्यात टाकला की भागतं.

औषध म्हणून पाहिलं तर चरकसंहितेनं कोयीला मल बांधून धरणाऱ्या द्रव्यांत जागा दिली आहे. लू लागू नये म्हणून पन्हं तर आहेच. आपण कैरी उकडून गूळ-वेलदोडा घालतो. तिकडे उत्तरेत ती निखाऱ्यावर भाजून जिरं, पुदिना, काळं मीठ. (उन्हात मला तिकडचंच बरं वाटतं.)

हायड्रेंजिया, व्हायबर्नम यांच्या काही प्रकारांना युरोपच्या बागांत आजही मॅरीज यांचं नाव आहे. आंब्यांवरचं काम मात्र जाणकारांपुरतंच राहिलं. खरं तर या चित्रांचा ताळा अजून घेता येईल. कलमी आंबा पिढ्यान् पिढ्या तोच राहतो, म्हणून जुन्या चित्रातलं फळ आजच्या बागेतल्या फळाशेजारी धरून देठापासून चोचीपर्यंत तपासता येतं. त्यासाठी त्या पानांच्या प्रती ग्वाल्हेरला यायला हव्यात, आणि त्याही आंब्याच्या हंगामात.