जुनी वस्तू विकताना क्यूआर स्कॅन करू नका

शहाद्यात आमच्या शेजारच्या काकांनी जुना फ्रिज ऑनलाइन विकायला काढला. थोड्याच वेळात फोन. "देवळालीला आर्मीत आहे, बदली झालीय." भाव केला नाही, फ्रिज बघायचाही नाही. वर ओळखपत्राचा फोटो. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड: "स्कॅन करा, पैसे येतील."

काकांनी आधी मला विचारलं, म्हणून वाचले.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करून पिन टाकला की रक्कम आपल्याच खात्यातून जाते. असे फसवणारे आधी खरोखर 5-10 रुपये पाठवतात, विश्वास बसतो, मग मोठ्या रकमेचा कोड येतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली. क्यूआरची युक्ती मात्र उरलीच. दुसरी युक्ती म्हणजे "चुकून जास्त पाठवले, परत करा", सोबत बँकेसारखा खोटा मेसेज. मेसेजवर जाऊ नका, ॲप उघडून बॅलन्स बघा.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. लाजेपोटी गप्प बसलं की ती हातची जाते.

असा फोन आलाय? काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.