मधोमध काय आहे, मामा?

परवाची गोष्ट. ऑफिसातून थेट ताईकडे जेवायला गेलो, तर नऊ वर्षांच्या भाचीने दारातच अडवलं. ‘मामा, ब्लॅक होलच्या मधोमध काय असतं?’ शूज काढता काढता मी ठोकून दिलं, ‘एक बिंदू. तिथे घनता अनंत असते.’

‘अनंत म्हणजे किती?’

झाली ना विकेट!

सवय, दुसरं काय! माहीत नसलेला आकडा छातीठोकपणे सांगायचा, यात आपण सगळेच तयार. गेल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये असंच ‘दोन आठवड्यांत होईल’ म्हणून मोकळा झालो. टीममधल्या दोघांचे सलग तीन वीकएण्ड त्यात गेले. त्यातली एक अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

असो. त्या रात्री वाचत बसलो. आइनस्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्डने त्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर छापलं. त्यानुसार अख्खा सूर्य साधारण सहा किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात कोंबला, तर त्याचं कृष्णविवर होईल. पण मध्यावर गणित कोलमडतं, उत्तर अनंत येतं. यालाच म्हणतात सिंग्युलॅरिटी. अनेकांना वाटलं, तारा अगदी गोल धरल्यामुळे ही गडबड होत असेल. मग १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं समीकरण आलं. गुरुत्वाकर्षणामुळे पदार्थाच्या वाटा एकमेकींकडे कशा ओढल्या जातात, हे त्यातून कळतं. तोच धागा पकडून रॉजर पेनरोजने १९६५ मध्ये सिद्ध केलं, की तारा कितीही वेडावाकडा असो, सिंग्युलॅरिटी टळत नाही. त्या कामासाठी त्याला २०२० चं नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढेच आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवरात ‘मध्य’ ही जागा नसतेच, ती वेळ असते! रविवारी रात्री तुम्ही कुठेही दडा, सोमवार येतोच ना? तसंच. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. ते फिरत नाही असं धरलं, तर सीमा ओलांडल्यावर तुमच्या हातात उरतं जेमतेम मिनिटभर. २०२२ मध्ये त्याचा फोटो आला, पण त्यात दिसते ती सावली. आतलं काहीच बाहेर येत नाही.

मग अनंत म्हणजे किती? तर तो आकडाच नाही. ‘इथून पुढचं मला जमत नाही,’ असं आइनस्टाइनचं समीकरणच सांगतंय. पुढे क्वांटम गुरुत्वाकर्षण लागेल आणि तो सिद्धान्त अजून पूर्ण झालेला नाही. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी दोन सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये मांडलेल्या गणितात अनंत येतच नाही. आत कोसळणं थांबतं आणि पलीकडे सगळं बाहेर फेकणारं श्वेतविवर लागतं. स्ट्रिंग थिअरीवाल्यांचं उत्तर वेगळं. पडताळा मात्र अजून कशाचाच नाही.

सकाळी भाचीला फोन केला. ‘मधोमध काय आहे ते कुणालाच माहीत नाही गं. मलाही नाही.’

‘मग काल सांगितलंस ते?’

‘थाप होती.’

ती खूश! ‘म्हणजे मी शोधू शकते?’

सोमवारी मीटिंगमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला, ‘किती दिवस लागतील?’ म्हटलं, ‘आत्ता माहीत नाही. टीमशी बोलून गुरुवारी सांगतो.’ बॉसच्या कपाळावर आठी पडली. समोर बसलेल्या त्या मुलीने मात्र पहिल्यांदाच लॅपटॉपवरून मान वर केली.