वस्तीवरील एकटा बागाईतदार

शिर्डीस नित्य हजारो भाविक येतात. परंतु रस्ता सोडून थोडे आत गेल्यास पेरूच्या बागेत राखणीस बसलेल्या बागाईतदारास दिवसभर बोलावयास कोणी नसते. गावठाण सोडून शेतकरी वस्तीवर राहू लागला. बागेची निगा वाढली, पण चावडीवरील बसणे-उठणे सुटले. पाण्याची पाळी, फवारणी, व्यापाऱ्याशी भाव, सारे निर्णय एकट्याचे. बहार फसला तर दोषही तो स्वतःकडेच घेतो.

जवळच लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरा साखर कारखाना सुरू झाला. त्यामुळे उसास भाव मिळाला हे सर्वश्रुत आहे. सभेच्या निमित्ताने वस्तीवरचा मनुष्य चार जणांत बसू लागला, हा लाभ आम्हांस लहान वाटत नाही.

पेरूच्या बागाईतदारांनी फळमाशीचे निमित्त करावे. एकट्याने सापळे लावून विशेष उपयोग नसतो. माशी बांध ओळखत नाही. शेजारच्या चार-पाच जणांनी एकाच वेळी सापळे लावून दर आठवड्यास पाळीपाळीने एकमेकांच्या बागेत फेरी करावी. कृषी सहायकाने कीड पाहून लगेच परतू नये, घटकाभर बसावे. झोप उडाली, अन्नावरील वासना गेली, असे आढळल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, हेही त्यास सांगावे.