नौकेचे बिऱ्हाड

मुंबईत बिऱ्हाडाला जागा मिळणे किती दुर्घट आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु माणसांच्या बिऱ्हाडापेक्षाही कठीण असे एक बिऱ्हाड ह्या शहरात आहे, आणि ते म्हणजे शिडाच्या खाजगी नौकेचे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली 'म्हादेई' ह्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी यांनी तर वाटेत कोणत्याही बंदरास न लागता. दोन्ही सफरी मुंबईहून निघाल्या व मुंबईसच संपल्या. तेव्हापासून समुद्राकडे कधी न पाहिलेल्या घरांतही रात्रीच्या जेवणाच्या वेळी "आपण एक लहानशी नौका घेतली तर?" असा प्रश्न निघू लागला आहे. वडील मंडळी किंमत विचारतात, मातोश्री पोहता येते काय ते विचारतात. नौका राहील कोठे, हे मात्र कोणीच विचारीत नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे.

मुंबईचे बंदर निसर्गाने दिलेले आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटांना सबंध मुंबई बेटाची पाठ आडवी येते व पूर्वेच्या अंगास शांत पाणी राहते. परंतु ह्या शांत पाण्यावर हक्क सांगणारे किती आहेत पाहा! मुंबई बंदराच्या जुन्या गोद्या, समोरच्या तीरावर १९८९ पासून चालू असलेले न्हावा-शेव्याचे बंदर, नौदलाचा तळ, जवाहर द्वीपाला लागणारी तेलवाहू जहाजे, १८७५ पासूनच्या ससून गोदीतील मच्छीमार बोटी, भाऊच्या धक्क्याची रहदारी आणि गेटवेवरून घारापुरी व मांडव्यास जाणाऱ्या लाँची. मोठ्या जहाजांच्या मार्गात कोणासही नांगर टाकता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी ह्याच पाण्यात नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळून डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली; गर्दी म्हणजे काय, हे त्यावरून समजावे. एवढ्यांची सोय लागल्यावर जे पाणी उरते, ते गेटवे व कुलाबा यांच्या समोरचा एक लहानसा पट्टा.

कोणी म्हणेल, की एका नौकेला जागा ती किती लागणार? हिशेब करून पाहू. अशी नौका धक्क्याला बांधून ठेवता येत नाही, कारण उधाणाच्या दिवशी मुंबईचे पाणी चार मीटरांहून अधिक चढते व उतरते. भरतीस दोर आखडून बांधला तर ओहोटीस नौका भिंतीला टांगली जाईल. सैल ठेवला तर ती दगडावर आपटत राहील. म्हणून तळाच्या चिखलात भले मोठे वजन पुरतात, त्याला जाड साखळी लावतात, साखळीचे वरचे टोक तरंगत्या बोयाला अडकवतात आणि नौका त्या बोयाला बांधतात. आता ओहोटीस तीन मीटर पाणी असेल, तर मोठ्या भरतीस ते सुमारे साडेसात मीटर होणार. साखळी त्याच्या तिप्पट, म्हणजे बावीस मीटरांच्या आसपास हवी. नाहीतर वाऱ्याच्या हिसक्याने वजनच उखडले जाईल. त्यात आठ मीटर लांबीची नौका मिळवा. ओहोटीच्या वेळी साखळी ताणली गेली म्हणजे नौका तीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. ह्या वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ पाऊण एकर भरते. मुंबईत पाऊण एकर!

सर्व नौका एकाच दिशेने फिरत असल्या म्हणजे शेजाऱ्यांची वर्तुळे एकमेकांत शिरली तरी चालते, आणि दाटीच्या बंदरात तसेच करतात. परंतु ह्यात एक मेख आहे. शिडाच्या नौकेच्या बुडाखाली जड धातूचा खोल कणा असतो. त्यामुळे ती पाण्याच्या ओढीप्रमाणे तोंड फिरवते. शेजारची यांत्रिक बोट उथळ बुडाची व उंच अंगाची असली, तर ती वाऱ्याचे ऐकते. वारा एकीकडून व ओहोटीची ओढ दुसरीकडून असली, की दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना होऊन मध्यरात्री, कोणी पाहावयास नसता, त्यांची टक्कर होते. म्हणून बोयाची जागा मिळते असे कळताच आनंदून न जाता, शेजारी कोणत्या जातीची बोट उभी असते ते प्रथम पाहावे. बिऱ्हाड घेताना आपण शेजार पाहतोच की!

युरोप-अमेरिकेत ह्यावर तरंगत्या धक्क्यांची गोदी हा उपाय आहे. धक्काच पाण्याबरोबर वरखाली होत असल्यामुळे नौका त्याला बांधून घरी खुशाल झोपता येते. केरळात कोची येथे बोळगट्टी बेटावर अशी गोदी झाली. ती भारतातील पहिली म्हणून गणली जाते. मुंबईतही अशा योजना वारंवार जाहीर झालेल्या आहेत. परंतु योजनेला नौका बांधता येत नाही. आज मुंबई बंदरात खाजगी गृहस्थाला रीतसर मार्ग म्हणजे एखाद्या नौकाविहार मंडळाचे सभासद होणे. त्यांतील सर्वांत जुने रॉयल बॉम्बे यॉट क्लब हे १८४६ साली स्थापन झाले. अशा मंडळांत प्रवेश सहज मिळत नाही आणि तो स्वस्तही नसतो. म्हणून नौका विकत घेऊन मग अर्ज करणे म्हणजे लग्न ठरल्यावर मांडवाला अंगण शोधण्यासारखे आहे. जागेचे उत्तर लेखी हाती येईपर्यंत विसारही देऊ नये. मुंबई बंदराच्या हद्दीबाहेर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४८ लहान बंदरे आहेत व ती महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कारभारात येतात. तेथे जागेची टंचाई कमी, पण ओहोटीस खाडीचा तळ उघडा पडतो. खोल कण्याची नौका अशा चिखलात एका अंगावर कलंडते. तेथे ठेवावयाची असेल तर दोन आखूड कण्यांची, किंवा कणा वर उचलता येईल अशीच घ्यावी. म्हणजे जागा आधी आणि नौकेची निवड नंतर, असा हा उलटा व्यवहार आहे.

आणि मग पावसाळा. आठ महिने निर्वेध गेलेली नौका जूनमध्ये कोठे जाणार, ह्याचा विचार बहुतेक हौशी मंडळी मे महिन्याच्या अखेरीस करू लागतात. आमच्या किनाऱ्यावर हे शहाणपण नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार आलेला आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीच्या अंगाला गिर्ये येथे मराठ्यांची गोदी होती. कोळी बांधव आजही होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात व नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जात नाहीत. गेटवे-मांडव्याच्या लाँचीही पावसाळ्यात बंद असतात. मोठ्या खाडीत आत नेऊन ठेवण्याचा मार्ग आहे; पण गोव्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध पावसाळ्यात इतका धोक्याचा होतो, की खनिजाचे पडावही त्या काळी कुंभारजुव्याच्या कालव्यातून फिरून जात. आत गेलेली नौका मग चार महिने आतच. उरला मार्ग जमिनीचा. त्यासाठी डोलकाठी उतरवणे, उचलण्याचे यंत्र, लाकडी टेकू, वर ताडपत्री आणि जागेचे भाडे हा सर्व खर्च दरसाल धरावा. किमतीचा आकडा पाहून हो म्हणणाऱ्या वडिलांना हा दुसरा आकडाही आधीच दाखवणे हे मुलाचे कर्तव्य आहे.

पहिल्याच वेळी नौका घेणाऱ्या कुटुंबाने, आमच्या मते, चार-साडेचार मीटरांची हलकी होडी घ्यावी. ती चौघांनी ढकलत किनाऱ्यावर आणता येते. तिला बोया नको, साखळी नको. दोन हंगाम तिच्यावर काढल्यावर हौस टिकली आहे की नाही ते घरच्यांस आपोआप दिसते.

ज्यांनी मोठी नौका घेतलीच आहे, त्यांनी जवळच्या कोळीवाड्यातील एखाद्या जाणत्या तांडेलाला योग्य मोबदला देऊन देखरेखीस ठेवावे, व त्याचा शब्द घरातील वडिलांच्या शब्दाइतका मानावा. वारा बदलणार हे त्याला आपल्या आधी कळते. पावसाळ्यात नौका जमिनीवर असली, तरी वजन व साखळी तळाशीच राहतात. ऑक्टोबरात नौका परत बांधण्यापूर्वी पाणबुड्या उतरवून शेवटच्या कडीपर्यंत तपासणी करवावी. साखळी पाण्याच्या वरच्या भागात धडधाकट दिसते. ती झिजते ती चिखलाला टेकून घासते त्या ठिकाणी. तेथल्या कड्या निम्म्या झिजल्या असतील तर तेवढाच भाग नव्हे, सबंध साखळी बदलावी, आणि जुनी भंगारात विकून टाकावी. "कधी उपयोगी पडेल" म्हणून माळ्यावर ठेवू नये.