बधिरीच्या औषधाचं दुसरं काम

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन महिने उलटतात, तरी बोईसरहून परळला तपासणीला निघालेल्या एखादीला लोकलमध्ये दांडी धरायला हात वर केला की काखेत कळ येते. जखम भरलेली असते. दुखावलेली असते काखेतून दंडाकडे जाणारी नस.

दात काढताना देतात ते लिडोकेन नसांमधल्या सोडियमच्या वाटा अडवतं. शस्त्रक्रियेवेळी ते शिरेतून दिल्यास ही चिवट वेदना टळेल का, हे परदेशात तपासलं गेलं. छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली.

परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने हेच स्वस्त औषध शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती टोचलं, तेही वेदनेसाठी नव्हे, तर कर्करोग पसरू नये म्हणून. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण औषध न दिलेल्यांत ८६.४, तर दिलेल्यांत ९०.१ टक्के. एवढ्याच तोलामोलाची चाचणी आता त्या काखेतल्या कळेसाठीही आपल्याकडे व्हायलाच हवी.